रेडिओवर पाहुणा म्हणून जायचंय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं रेडिओसाठी लिहितेय, बोलतेय, आणि ओळखीच्या-अनोळखी लोकांना तिथवर पोचायला मदत करतेय, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात. ते सगळे इथे एका जागी लिहून ठेवलेत. ज्यांनी विचारलं त्यांच्याच भाषेत प्रश्न ठेवलेत. एखादं उत्तर अर्धवट वाटलं तर त्यात दिलेल्या दुसऱ्या प्रश्नाच्या नंबरावर जा, उरलेलं तिथे सापडेल.

१. ताई, रेडिओवर जायला ओळख लागते का? आपल्याला कोण बोलावणार?

ओळख लागत नाही. विषय लागतो. आकाशवाणीला वर्षभर, रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत बोलणारी माणसं हवी असतात आणि तिथल्या कार्यक्रम अधिकाऱ्याचा मोठा वेळ "आता या विषयावर कोणाला बोलवायचं" यातच जातो. फेमस माणूस हवाच असं नाही. मधमाश्या पाळणारा, एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेला, मतिमंद मुलांची शाळा चालवणारी बाई, असे लोक मी स्वतः माइकसमोर बसलेले बघितलेत आणि ऐकणाऱ्यांची पत्रं त्यांनाच जास्त येतात. लोक चुकतात कुठे, तर "मला संधी द्या" असं लिहितात. स्टेशनला तुम्हाला संधी द्यायची नसते, ऐकणाऱ्याला काहीतरी द्यायचं असतं. ते काय हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं की अर्धं काम झालं.

२. नागपुरात कोणकोणती स्टेशनं आहेत आणि माझ्यासाठी कोणतं?

सगळ्यात आधी आकाशवाणी नागपूर, सिव्हिल लाइन्समधलं. १९४८ च्या जुलैपासून सुरू आहे, मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झ. विविध भारती १००.६ एफएमवर. प्रायव्हेटमध्ये रेडिओ सिटी ९१.१, रेड एफएम ९३.५, माय एफएम ९४.३, मिर्ची ९८.३.

तुम्हाला दहा-पंधरा मिनिटं नीट बसून बोलायचं असेल, म्हणजे शेती, आरोग्य, साहित्य, कायदा, इतिहास, मुलांचं शिक्षण, तर आकाशवाणी. दोन-तीन मिनिटांत चटपटीत सांगता येण्यासारखं असेल, या आठवड्यातल्या एखाद्या कार्यक्रमाबद्दल असेल, तर प्रायव्हेट एफएम. त्यांची पद्धत एकदम वेगळी आहे, प्रश्न ७ बघा.

आणि एक, "आता रेडिओ कोण ऐकतं" हे मनातून काढून टाका. आकाशवाणी आता मोबाइलवर न्यूज ऑन एअर अ‍ॅपवरही लागते, पुण्यात नोकरी करणारा पोरगा आपल्या आईची मुलाखत तिथून ऐकतो.

३. आकाशवाणीत अर्ज नेमका कोणाच्या नावाने करायचा?

कोणाचं नाव माहीत असायची गरज नाही. "कार्यक्रम प्रमुख, आकाशवाणी, सिव्हिल लाइन्स, नागपूर" असं लिहा आणि विषयाच्या ओळीत विभाग लिहा: शेती विभाग, महिला कार्यक्रम, युववाणी, आरोग्य, भाषण विभाग, जो असेल तो. विभाग लिहिला नाही तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. वय १५ ते ३० असेल तर सरळ युववाणीला लिहा, ती तरुणांसाठीच आहे आणि तिथे नवख्यांना सांभाळून घेतात.

आधी दोन आठवडे तो कार्यक्रम ऐका मात्र. मी हे प्रत्येकाला सांगते आणि फार थोडे लोक ऐकतात. कार्यक्रम किती मिनिटांचा आहे, प्रश्न कोण विचारतं, मागच्या आठवड्यात याच विषयावर कोणी बोलून तर नाही गेलं, हे ऐकल्याशिवाय कळतच नाही आणि ऐकून लिहिलेलं पत्र पहिल्या दोन ओळींत ओळखू येतं.

४. पत्रात लिहू काय? बायोडाटा जोडू का?

बायोडाटा शेवटी, अर्ध्या पानाचा. आधी विषय. बहुतेकांची पत्रं "मी शेती या विषयावर बोलू शकतो" अशी असतात. आता शेती या विषयावर बोलायला किती लोक आहेत विदर्भात? त्यातून तुम्हाला काहून उचलतील?

हे बघा, असं लिहायचं (आंबिया बहर म्हणजे संत्र्याला हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं, आणि ताण म्हणजे ती फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी काही दिवस बंद ठेवणं):

"नमस्कार. मी काटोल तालुक्यात संत्र्याची बाग करतो. आंबिया बहरासाठी डिसेंबरात झाडांना ताण दिल्यावर तो तोडायचा कधी, यात दरवर्षी शेतकरी गोंधळतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो, पण शेजाऱ्याने पाणी सोडलं म्हणून आपणही सोडतो. झाडाकडे बघून ताण कसा ओळखायचा, पहिलं पाणी किती द्यायचं आणि फुलं येईपर्यंत काय टाळायचं, एवढ्यावर दहा मिनिटं बोलू शकतो. डिसेंबरच्या शेवटी प्रसारण झालं तर उपयोग होईल. मुलाखतीसाठी पाच प्रश्न सोबत जोडले आहेत."

बघा, यात विषय किती बारीक केला. कोणासाठी, केव्हा, किती मिनिटं, सगळं आलं. तारीखही आली. अधिकाऱ्याला फक्त "हो" म्हणायचं उरलं. पाच प्रश्न जोडणं फार कामाचं आहे, कारण मुलाखत घेणाऱ्याला संत्र्यातलं काही माहीत असेलच असं नाही आणि तयार प्रश्न दिले की त्याचाही जीव भांड्यात पडतो.

दोन पानांच्या वर जाऊ नका. मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात. पेपरची कात्रणं, सत्काराचे फोटो वगैरे नको. तुम्ही बोलताना कसे वाटता हे कळावं म्हणून फोनवरच रेकॉर्ड केलेलं दोन मिनिटांचं बोलणं पाठवता आलं तर मात्र फार चांगलं.

५. किती दिवस आधी लिहायचं?

इथे बरेच चांगले विषय वाया जातात. आकाशवाणीत कार्यक्रमांचं नियोजन तिमाहीवार होतं, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये काय लावायचं हे आधीच्या तिमाहीतच कागदावर आलेलं असतं. तुम्ही महिला दिनाच्या आठवडाभर आधी फोन कराल तर तेव्हा पाहुणे ठरलेले असतात, रेकॉर्डिंगही झालेलं असतं. वरच्या संत्र्याच्या उदाहरणात पत्र सप्टेंबरमध्ये जायला पाहिजे. उष्माघातावर बोलायचं असेल तर डिसेंबरमध्ये लिहा, थंडीत स्वेटर घालून उन्हाबद्दल लिहायचं, असंच आहे ते. दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाबद्दल, मारबतीबद्दल, तान्ह्या पोळ्याबद्दल काही असेल तर तीन महिने आधी.

अपवाद एकच, अचानक काही घडलं तर. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे जोरदार पाऊस झाला आणि अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं तेव्हा घरात चिखल झाल्यावर विजेची उपकरणं सुरू करावी का, विहिरीचं पाणी प्यावं का, असले प्रश्न लोकांना त्याच दिवशी पडले होते. अशा वेळी तुम्ही त्यातले जाणकार असाल तर पत्र वगैरे नाही, थेट ड्यूटी रूमला (त्या वेळचं प्रसारण सांभाळणारे बसतात ती खोली) फोन करायचा, नाव, काम आणि काय सांगू शकता ते तीन वाक्यांत.

६. दोन महिने झाले, काहीच उत्तर नाही. नापसंत झालं समजायचं का?

नाही. तिथे माणसं कमी आहेत आणि नकार कळवायची पद्धत फारशी नाही. पत्र पाठवून महिना झाला की एक फोन करा, दुपारी, गोड बोलून विचारा की पत्र कोणत्या विभागात आहे. तरीही काही झालं नाही तर पुढच्या तिमाहीसाठी नवा विषय पाठवा, तोच कागद झेरॉक्स करून नको. वरून दबाव आणू नका. आमदारसाहेबांच्या चिठ्ठीने एखादवेळी काम होतंही, पण पुन्हा कोणी आनंदाने बोलवत नाही.

७. प्रायव्हेट एफएमवर कसं जायचं? आरजेला इन्स्टाग्रामवर मेसेज केला तर चालतं का?

चालतं, बरेचदा तेच चालतं. पण ठरवतो प्रोग्रामिंगचा माणूस किंवा शोचा प्रोड्युसर, म्हणून आरजेला लिहिताना "प्रोड्युसरचा नंबर मिळेल का" हेही विचारा. तिथे दोन गाण्यांच्या मधे आरजे जे बोलतो त्याला लिंक म्हणतात आणि ती फार छोटी असते. तुमची पंधरा मिनिटांची मुलाखत घेतली तरी तिचे तुकडे करून लावतील. त्यामुळे प्रत्येक उत्तर वेगळं काढलं तरी समजलं पाहिजे, "मघाशी म्हटल्याप्रमाणे" हा शब्दप्रयोग तिथे विसरून जा.

त्यांना काय चालत नाही हेही समजून घ्या. प्रायव्हेट एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची तेवढी मुभा आहे. म्हणून हिवाळी अधिवेशनातल्या एखाद्या मुद्द्यावर चर्चा करायला तुम्हाला तिथे कोणी बोलावणार नाही. ट्रॅफिक, हवामान, परीक्षा आणि अ‍ॅडमिशनची माहिती, करिअर, सांस्कृतिक कार्यक्रम, पाणी-वीज हे सगळं चालतं. बारावीचा निकाल लागायच्या आठवड्यात करिअर कौन्सेलरला, पतंगांच्या दिवसात नायलॉन मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांवर उपचार करणाऱ्याला, तिथे जागा असते.

८. पैसे मिळतात का? की आपल्यालाच द्यावे लागतात?

आकाशवाणीवर बोलावणं आलं की करारपत्र येतं, त्यात तारीख, वेळ, मिनिटं आणि मानधन लिहिलेलं असतं. रक्कम फार मोठी नसते, पण असते, आणि खात्यात जमा होते, म्हणून पॅन कार्ड आणि बँकेचा तपशील तयार ठेवा. करारपत्रावर सही करून वेळेत परत द्या, नाहीतर मानधन अडकतं आणि मग तुम्ही चकरा मारत बसता.

प्रायव्हेटमध्ये पाहुण्याला साधारणपणे काही मिळत नाही आणि तुम्हीही काही द्यायचं नसतं. पण तुमचा हेतू दुकानाची, क्लासची किंवा हॉस्पिटलची प्रसिद्धी असेल तर ते तुम्हाला सेल्सच्या माणसाकडे पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. ती जाहिरात झाली, तिचं बिल घ्या. यातच कोणी मधला माणूस आला तर प्रश्न १७ वाचा.

९. ऑडिशन द्यावी लागते का?

पाहुण्याला नाही. गायक, वादक, नाटकातले कलाकार आणि हंगामी निवेदक यांच्यासाठी आवाजाची चाचणी असते. तुम्ही माहितीसाठी बोलावलेले आहात, घोगरा आवाज असला तरी चालतो.

१०. माझं बोलणं गावाकडचं आहे, वऱ्हाडी. आणि हिंदी तर फारच कच्चं. अडचण येईल का?

वऱ्हाडीची अजिबात अडचण नाही, उलट शेतीच्या आणि लोकसंस्कृतीच्या कार्यक्रमात ती हवीच असते. जे लोक घरी "करून राहिलो" म्हणतात आणि माइकसमोर बसल्यावर अचानक पुस्तकी बोलायला लागतात ते दर तिसऱ्या वाक्याला अडखळतात, कारण अर्धं डोकं व्याकरणात गुंतलेलं असतं. एवढंच करा की तुमच्या तालुक्याबाहेर माहीत नसलेला शब्द आला तर लगेच त्याचा अर्थ सांगून टाका.

हिंदीचं खरं आहे. नागपूरच्या प्रायव्हेट एफएमवर हिंदी भरपूर चालतं. आधीच स्पष्ट सांगा, "मी मराठीत बोलेन, तुम्ही हिंदीत विचारा." असं मी कितीदा ऐकलंय आणि छान होतं, आपल्या शहरात सगळ्यांना दोन्ही समजतं.

११. भाषण, मुलाखत, परिसंवाद, फोन-इन, यातलं नवख्याला सोपं काय?

मुलाखत. समोर माणूस असतो, तो सावरून घेतो.

भाषणाला लेखी संहिता आधी द्यावी लागते आणि तीच वाचायची. वाचताना वाचल्यासारखं वाटू नये ही खरी मेहनत आहे. माझा अंदाज असा की निवांत बोललं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांना अकराशेच्या आसपास. लोक दोन हजार लिहून आणतात आणि मग स्टुडिओत काटाकाटी. घरी मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा, मनात वाचलेलं धरू नका. वाक्यं छोटी ठेवा. आकडे गोल करा, "४७.३ टक्के" ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, "जवळपास निम्मे" राहतं.

परिसंवादात तीन-चार जण असतात, तिथे दुसऱ्याचं ऐकणं जास्त महत्त्वाचं. फोन-इन, म्हणजे ऐकणारे फोन करून प्रश्न विचारतात तो कार्यक्रम, सगळ्यात अवघड, ते प्रश्न १३ मध्ये.

१२. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमकं काय होतं? मला फार भीती वाटते.

अर्धा तास आधी पोचा. गेटवर नोंद होते, ओळखपत्र लागतं, करारपत्र सोबत ठेवा. मग तुम्हाला स्टुडिओत नेतात. दार जाड आणि जड असतं, आत गेल्यावर ते बंद झालं की बाहेरचा सगळा आवाज एकदम तुटतो आणि नवख्या माणसाला तिथेच घशाला कोरड पडते, कारण स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो. हे सगळ्यांना होतं. दोन मिनिटांत कान सरावतात.

टेबलावर माइक असतो, काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे बसतात. ते म्हणतील "काहीतरी बोला, लेव्हल घेतो", म्हणजे तुमचा आवाज किती मोठा येतो ते तपासतात. तेव्हा "हॅलो हॅलो, एक दोन तीन" म्हणू नका, ज्या आवाजात मुलाखत देणार त्याच आवाजात सकाळी काय खाल्लं ते सांगा. माइकपासून तोंड साधारण वीतभर, आणि अगदी समोर नाही, किंचित बाजूला, नाहीतर प, फ, भ म्हणताना फटका बसतो. एकदा लेव्हल घेतली की खुर्ची पुढेमागे करायची नाही.

मोबाइल बंद म्हणजे बंद, सायलेंटवर ठेवला तरी कधीकधी माइकमध्ये गुरगुर येते. काचेच्या बांगड्या काढून ठेवा. कडक स्टार्चची साडी किंवा कुर्ता नको, हात हलवला की कागदासारखा आवाज येतो. कागद एकाच बाजूने लिहिलेले, पिना न मारलेले. पान उलटायचं नाही, हलकेच बाजूला सरकवायचं. डाळमोठ, चिवडा खाऊन जाऊ नका, घसा खवखवतो. पाणी साधं प्या, फ्रिजमधलं नको.

लाल दिवा लागला की सुरू. अडखळलात तर थांबा, दोन सेकंद शांत बसा आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणा, नंतर कापता येतं. अर्ध्या शब्दावरून जोडायला गेलात तर कापणाऱ्याला जागाच मिळत नाही. सॉरी सॉरी म्हणत बसू नका.

१३. लाइव्ह फोन-इनमध्ये उत्तरच आलं नाही तर?

"याची पक्की माहिती माझ्याकडे आत्ता नाही" असं सरळ म्हणा आणि ती कुठे मिळेल ते सांगा. ऐकणाऱ्याला हे आवडतं, अंदाजाने ठोकलेलं उत्तर मात्र कोणीतरी खरं धरून औषध घेतं किंवा फवारणी करतं. फोन करणाऱ्याला नावाने हाक मारा, "रामटेकहून बोलताय ना भाऊ, तर असं करा". कोणी चिडून बोललं तर वाद घालू नका, निवेदक फोन पुढे नेतो, ते त्याचं काम आहे. औषधाचा डोस, कोर्टात चालू असलेली केस, घराण्यातली भांडणं यावर हवेत निकाल द्यायचा नाही.

१४. मी डॉक्टर आहे. क्लिनिकचं नाव घेतलं तर चालेल? वकील असेल तर? क्लासवाला असेल तर?

डॉक्टरांसाठी २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत हे सरळ लिहिलंय, सार्वजनिक आरोग्यावर रेडिओवर बोलायला हरकत नाही, पण त्यातून स्वतःची जाहिरात होता कामा नये. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरात करायला मनाई आहे. म्हणजे दोघांनी नाव, शिक्षण, विषय, एवढ्यावर थांबायचं. पत्ता, फोन, "माझ्याकडे या" नाही. हमखास बरं करतो असले दावे तर कोणीच करू नयेत, काही आजारांच्या बाबतीत तसं बोलणं औषधं आणि जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यात अडकतं.

क्लासवाल्यांना असा कायदा आडवा येत नाही, पण आकाशवाणीवर दुकानाचं नाव कापलंच जातं. ओळख करून देताना निवेदक तुमचं काम सांगेल, तेवढं पुरतं.

१५. मी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे / एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. बोलता येईल का?

नोकरीवाल्यांनी कार्यालयाकडून लेखी परवानगी घेऊन ठेवावी, कविता किंवा विज्ञान असा निव्वळ साहित्याचा-शास्त्राचा विषय असला तरी निदान कळवून ठेवावं. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत रेडिओवरून सरकारच्या धोरणावर टीका करायला बंदी आहे, राज्याचे १९७९ चे नियमही त्याच धर्तीचे आहेत. जिल्हा परिषदेचे नियम तुमच्या आस्थापना शाखेत विचारा.

पक्षाचं म्हणाल तर तुम्ही शेतकरी किंवा लेखक म्हणून गेलात तर तेच बोला. आकाशवाणीची प्रसारण संहिता आहे. पक्षाचं नाव घेऊन हल्ला, धर्म-जातीवर टीका, अब्रुनुकसानी, कोर्टाचा अवमान, मित्रदेशांवर टीका, हिंसेला चिथावणी, यातलं काहीही प्रसारित होत नाही. निवडणूक लढवत असाल तर आचारसंहिता उठेपर्यंत मुलाखतीचा नाद सोडा, आधी रेकॉर्ड झालेलीही बाजूला ठेवली जाते.

१६. रेकॉर्डिंग झालं, सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, आणि लागलंच नाही! शिवाय ते मला यूट्यूबवर टाकायचं होतं.

एखाद्या मोठ्या नेत्याचं निधन, क्रिकेटची कॉमेंट्री, पंतप्रधानांचं भाषण, यामुळे कार्यक्रम पुढे सरकतात. रद्द झाला असं लगेच धरू नका, विभागात फोन करून नवी तारीख विचारा. नातेवाइकांना आदल्या संध्याकाळीच सांगा.

यूट्यूबचं म्हणाल तर करारपत्रातला हक्कांचा भाग वाचा आणि लेखी विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग कुठे टाकू नका. घरच्यांसाठी दुसऱ्या मोबाइलवर ऐकता ऐकता रेकॉर्ड करून ठेवणं वेगळं. स्टुडिओतला फोटो मात्र विचारून काढा, सहसा नाही म्हणत नाहीत.

१७. एक जण म्हणतो पाच हजार द्या, आकाशवाणीवर मुलाखत लावून देतो. देऊ का?

नाही. आकाशवाणीवर पाहुण्याला मानधन मिळतं, पाहुणा पैसे देत नाही, आणि बोलावणं करारपत्रानेच येतं. कोणी असं मागत असेल तर कार्यक्रम प्रमुखांना कळवा. प्रायव्हेट स्टेशनच्या नावाने मागत असेल तर स्टेशनला स्वतः फोन करून विचारा की हा तुमचा माणूस आहे का.

१८. मी नागपूरची नाही, चंद्रपूरकडची आहे. एवढ्या दूर यावं लागेल का?

आकाशवाणीची केंद्रं चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती आणि अकोल्यालाही आहेत, आधी तिथे लिहा. छोट्या केंद्रावर बोलणारे कमी मिळतात, त्यामुळे उत्तर लवकर येतं आणि विषयही तुमच्याच भागातला असतो. तिथे दोनदा बोलून झालं की नागपूरला लिहिताना त्या प्रसारणाच्या तारखा पत्रात टाका.